शिबिराचे तीन दिवस आणि नंतरचे बारा रविवार

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या एका प्रेसबिटेरियन पद्धतीच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) २६ वर्षांची एक ताई तरुण संघाची सेक्रेटरी आहे आणि संडे स्कूलही घेते. संघ दर मे महिन्यात मुलांना तीन दिवस थंड हवेच्या ठिकाणी शिबिराला नेतो. गेल्या वर्षी ४८ मुलं आणि ८ लीडर गेले, खर्च १ लाख ६८ हजार झाला. बस सकाळी ११ वाजता निघाली आणि वाटेत दोन मुलींना ऊन बाधलं, त्यातल्या एकीला सलाईन लावावं लागलं. शेवटच्या रात्रीच्या सभेत ३० मुलांनी हात वर करून ख्रिस्ताला जीवन समर्पण केलं, पण जुलैपर्यंत संघाच्या सभेला त्यातली सातच उरली. यंदा सेशनमधले (पाळक आणि मंडळीने निवडलेले वडीलजन यांच्या कारभारी समितीतले) वडील म्हणतात, "शिबिर म्हणजे सहल. तोच पैसा पूर्व भागातल्या वस्तीत सुवार्ताकार्याला (ख्रिस्ताचा संदेश पोहोचवायला) लावा." सेशनमध्ये ताईंचे सख्खे काकाही आहेत, त्यामुळे हा वाद रोज जेवताना ताटापर्यंत येतो. काही पालक मुलींना रात्री बाहेर ठेवायला तयार नाहीत. अमेरिकेतल्या एका नातेवाइकाने तिथल्या चर्चकडून पैसे मिळवून द्यायची तयारी दाखवली आहे. शिबिरासाठी भांडू, सोडून देऊ, की राजीनामाच देऊ, असं त्यांनी विचारलं आहे.

प्रिय ताई, सलाम.

तीस हात वर गेले आणि जुलैत सात उरले, हे तुम्ही जरा संकोचानेच लिहिलंय. सेशनलाही तेच खुपतंय. पण मुलं का गळाली हे विचारण्याआधी एक सांगा. शिबिराहून परतल्यावर पहिल्या रविवारी त्या तीस जणांसाठी मंडळीत काय ठेवलं होतं? तुमच्या चार पानी पत्रात बसचं भाडं आहे, टी-शर्टचा रंग आहे, वक्त्याचा विषय आहे. त्या रविवारबद्दल एक ओळही नाही. माझ्या मते गळती तिथेच झाली. शिबिर डोंगरावर घेतलं असतं किंवा शहरातल्या सात रस्ता चौकात, ती झालीच असती.

वडीलजनांचं "सहल" हे म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं त्यांना जुन्या गोष्टींची आठवण करून देऊन सांगता येईल. स्कॉटलंडमधल्या प्रेसबिटेरियन मंडळ्यांत प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी, त्यालाच मेज म्हणतात) वर्षातून एक-दोनदाच व्हायचं आणि त्याभोवती चार-पाच दिवसांचा मेळा भरायचा: गुरुवारी उपवास, शनिवारी तयारीची उपासना, रविवारी मेज, सोमवारी उपकारस्तुती. आसपासच्या गावांतून माणसं मुक्कामाला यायची. आधी वडील घरोघर जाऊन विचारपूस करायचे आणि मेजाला येण्यासाठी धातूचा छोटा बिल्ला द्यायचे. हीच रीत अमेरिकेत गेली. १८०१ च्या ऑगस्टमध्ये केंटकीतल्या केन रिज इथे प्रेसबिटेरियनांच्या अशाच प्रभुभोजनाच्या मेळ्याला हजारोंनी माणसं जमली आणि तिथून 'कॅम्प मीटिंग' सगळीकडे पसरली. म्हणजे मुक्कामी मेळा हा आपल्याकडे बाहेरून शिरलेला प्रकार नाही. मात्र त्याच्या एका टोकाला वडिलांची घरभेट होती आणि दुसऱ्या टोकाला मंडळीचं मेज. तुमच्या शिबिरात ही दोन्ही टोकं गळाली आणि मधला मुक्काम तेवढा उरला. वडिलांना तो सहलीसारखा दिसला तर त्यांना फार दोष देता येणार नाही.

दुसरी गोष्ट कारभाराची. प्रेसबिटेरियन रीतीत निर्णय एकट्या पाळकसाहेबांचा नसतो, एकट्या वडिलांचा नसतो आणि तरुण संघाचा तर नसतोच. पाळक आणि निवडून आलेले वडील एकत्र बसून ठराव करतात. १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या, पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अनेक ठिकाणी फाटकावरची पाटी बदलली, तरी वडिलांनी एकत्र बसून ठरवायची सवय टिकली. या सवयीचा फायदा घ्या. आतापर्यंत शिबिर 'संघाचं' होतं आणि सेशनकडे फक्त पैसे मागायला जायचं, असं दिसतं. ते उलटं करा. शिबिर सेशनचं, शिबिरप्रमुख एक वडील, तुम्ही व्यवस्थापक. ठराव मिनिट्सच्या वहीत नोंदवलेला हवा. कुणी आजारी पडलं, अपघात झाला, तर "कुणाच्या परवानगीने नेलं?" या प्रश्नाला तुमच्या एकटीचं नाव हे उत्तर असू नये.

आता मे महिना. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो. ठिकाण थंड हवेचं असलं तरी बस सोलापुरातूनच निघते. ११ ला बस म्हणजे मुलं साडेनऊपासून चर्चच्या आवारात उभी, सकाळचा चहा-बिस्कीट केव्हाच जिरलेला, पत्रा तापलेला आणि नेमकी टेंभुर्णीच्या आसपास भर दुपार. वर बहुतेकांनी नुसतं पाणीच प्यायलेलं असतं. घामावाटे मीठही जातं, मग नुसत्या पाण्याने मळमळ वाढते आणि मूल आणखी गळतं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलीसाठी. घाईत मोठी पुडी एका पेल्यात कालवून दिली की उलटी ठरलेली. मेमध्येच जायचं असेल तर पहाटे पाचला निघा, पोटात पोहे किंवा उपमा असू द्या आणि ऊन चढायच्या आत सावलीला पोहोचा. पण माझं मत विचाराल तर दिवाळीची सुट्टी धरा. भाऊबीज उलटली की मुलं मोकळी असतात, हवा बरी असते, पाणीही असतं. संक्रांतीच्या आगेमागे मात्र नको. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शहर भरलेलं असतं, दहावी-बारावीची मुलंही तोवर अभ्यासाला लागलेली असतात.

डोंगरावर जायलाच हवं का? तुम्ही पाठवलेला हिशेब मांडून बघा. बस ५८,०००. मुक्काम आणि जेवण ५६ जणांचं माणशी १,६०० प्रमाणे ८९,६००. टी-शर्ट १४,०००. बॅनर, बक्षिसं, वक्त्याचा प्रवास ६,४००. जवळपास ४३ टक्के पैसा बस आणि टी-शर्टवर गेला. शहरापासून तासाभराच्या आत एखादी मिशनची शाळा, वसतिगृह किंवा कुणाच्या शेतातला मोठा हॉल मिळाला तर यातला बराच खर्च उडतो. शिवाय ज्या पालकांना मुली रात्री बाहेर ठेवायच्या नाहीत, त्यांना "सकाळी सातला आणा, रात्री साडेआठला घ्यायला या" असं सांगता येतं. त्यांच्याशी विश्वासावर वाद घालत बसू नका. त्यांच्यातल्या दोघी-तिघी आयांना स्वयंपाकघरात आणि मुलींच्या खोलीत मुक्कामाला बोलवा. पुढच्या वर्षी निम्मा प्रश्न आपोआप सुटलेला असेल.

जागा बघायला जाल तेव्हा हॉल शेवटी बघा, आधी न्हाणीघरं मोजा. समजा २६ मुली आहेत, दोन न्हाणीघरं आहेत आणि एकीला आठ मिनिटं लागतात. सगळ्यांचं उरकायला १ तास ४४ मिनिटं होतात. सातच्या प्रार्थनेला सगळ्या हव्यात तर पहिली मुलगी सव्वापाचला उठवावी लागेल. हे गणित कुणी करत नाही, मग सकाळची उपासना पाऊण तास उशिरा सुरू होते, नाश्ता सरकतो, वक्ता चिडतो आणि ठपका मुलींवर येतो. उपाय साधा आहे. निम्म्या मुलींनी रात्री झोपण्याआधी आंघोळ करायची आणि गटवार पाळी दारावर लावायची. शौचालय पंधरा जणांमागे एक तरी हवं.

पाणी. पिण्याचं माणशी दिवसाला चार लिटर धरा. ५६ जणांना २२४ लिटर, म्हणजे २० लिटरचे १२ जार रोज. वापरायचं माणशी ४० लिटर म्हटलं तरी दिवसाला २,२४० लिटर होतं. टँकर सांगणं सोपं आहे, पण पाच हजार लिटरचा टँकर दारात येतो आणि गच्चीवर टाकी निघते हजार लिटरची, हा घोळ फार ठिकाणी होतो. आधी साठवण किती ते विचारा. मग मोटर कुठून चालते आणि वीज गेली तर काय, हे विचारा.

जेवण घरचंच करा. भाताच्या जेवणाला माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम डाळ, म्हणजे साधारण साडेपाच-सहा किलो तांदूळ आणि सव्वादोन किलो तूरडाळ. नाश्त्याला पोहे चार किलो. भाकरी शिबिरावर थापत बसू नका. किलोभर पिठाच्या आठ-नऊ भाकरी होतात, माणशी दोन म्हटल्या तरी एका जेवणाला तेरा किलो पीठ लागेल आणि दोन बायकांचा दिवस चुलीपुढे जाईल. सोलापुरात कडक भाकरी विकत मिळते, ती घ्या. शेंगाचटणी मंडळीतल्या चार घरांत वाटून करून घ्या. ही चटणी-भाकरी प्रवासातही टिकते. भाताच्या बाबतीत मात्र कडक राहा. दुपारचा उरलेला भात मोठ्या पातेल्यात झाकून रात्री वाढायचा नाही. पातेल्याच्या मध्ये तो तासन् तास कोमट राहतो, शिजूनही न मेलेले जंतू तिथे वाढतात आणि परत गरम केला तरी त्यांचं विष जात नाही. शिबिरातल्या उलट्यांमागे पुष्कळदा हेच असतं. दोन तासांत संपेल एवढाच भात शिजवा.

मुलांच्या सुरक्षेला मी भाषणांच्या आधी ठेवतो. प्रत्येक अल्पवयीन मुलामागे पालकांचं सही केलेलं संमतीपत्र हवं. त्यात आजार, चालू औषधं, ॲलर्जी आणि दोन फोन नंबर हवेत. दम्याचा पंप, फिटच्या गोळ्या मुलाच्या बॅगेत तळाशी नकोत, एका लीडरच्या ताब्यात वेळापत्रकासह हव्यात. आठ मुलांमागे एक लीडर. कुणीही मोठा माणूस, वक्ता असो की पाळक, एकट्या मुलाशी बंद खोलीत बसणार नाही. समुपदेशन किंवा प्रार्थना दुसऱ्यांना दिसेल अशा जागी. विहीर, तलाव, कालवा यांत उतरायचं नाही, पोहता येणाऱ्यांनीही नाही. आणि मुलाच्या लैंगिक छळाची कुणकुण लागली तर "मंडळीत आपसात मिटवू" हा पर्याय नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर प्रत्येक लीडरच्या फोनमध्ये असू द्या.

शेवटच्या रात्रीबद्दल माझं मत कदाचित तुम्हाला आवडणार नाही. रात्रीचे साडेदहा, दिवे मंद, गिटार हळूहळू चालू, मुलं दोन रात्री जेमतेम पाच-पाच तास झोपलेली आणि "आता नाही तर कधीच नाही" असं वक्ता म्हणतोय. अशा वेळी वर गेलेल्या हातात देवाचं काम किती आणि थकवा किती, हे त्या मुलालाही सांगता येणार नाही. हात मोजू नका. मोजले की तो आकडा अहवालात जातो आणि पुढच्या वर्षी तो वाढवावा लागतो. आवाहन करायचंच तर दुसऱ्या दिवशी सकाळी, झोप झाल्यावर करा आणि मुलाला उत्तर द्यायला एक कागद द्या: "मला याबद्दल बोलायचं आहे" किंवा "मला दृढीकरणाच्या वर्गाला बसायचं आहे" (म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः कबूल करण्याच्या तयारीच्या वर्गाला). लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या आपल्या मुलांचा पुढचा टप्पा मंडळीत आधीच आखलेला आहे. शिबिराने त्यांना त्या दाराशी आणून सोडायचं.

दिवसाला दोनच संदेश ठेवा, चाळीस मिनिटांचे. एकांताची वेळ जरूर ठेवा, पण वयाप्रमाणे: दहा-बारा वर्षांच्यांना पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, अठराच्या पुढच्यांना पाऊण तास. त्या वेळी फोन टोपलीत, हातात पवित्र शास्त्र आणि पेन्सिल. संध्याकाळी पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची दोन भजनं म्हणून बघा. गिटारवरच्या कोरसला माझा विरोध नाही. पण जी गाणी आजीला येतात, तीच मुलं घरी गेल्यावरही म्हणतात.

आता ते बारा रविवार. शिबिरातले सात-आठ जणांचे गट परतल्यावर मोडू नका. तोच गट, तोच लीडर, बारा आठवडे. उपासनेनंतर चाळीस मिनिटं पुरेत. प्रत्येक गटाला एक वडील जोडून द्या आणि त्या वडिलांच्या घरी महिन्यातून एकदा चहा. स्कॉटलंडमधले जुने वडील मेळ्याआधी बिल्ला द्यायला घरी जायचे, हे इथे शिबिरानंतर मुलांनी त्यांच्या घरी जाणं झालं. "सहल" म्हणणाऱ्या वडिलांना मुलांची नावं पाठ झाली की त्यांची भाषा बदलेल. बाराव्या रविवारी प्रभुभोजन येईल अशी तारीख आधीच पाळकसाहेबांशी ठरवा. हे जमणार नसेल तर यंदा शिबिर नका करू. हे मी मनापासून सांगतो.

आणि इथेच तुमचं "शिबिर की सुवार्ताकार्य" हे कोडं माझ्या मते ढिलं पडतं. पूर्व भागातल्या वस्तीत जायला माणसं लागतात. सेशन पैसा देईल, पण माणसं कुठून येणार? या गटांतूनच. मात्र कर्णा लावलेली रिक्षा आणि पत्रकं घेऊन जाणार असाल तर थांबा. आधी तिथे कोण राहतं ते बघा. यंत्रमागावर पाळी करणारे तेलुगू बोलणारे विणकर, घरात विड्या वळणाऱ्या बायका. हजार विड्यांमागे मजुरी, त्यामुळे संध्याकाळपर्यंत त्यांची मान सुपातून वर होत नाही. दारात उभं राहून एखादीचा अर्धा तास घेतला तर तेवढ्या विड्या कमी होतात. तिला कदाचित हवं असेल ते इतकंच, की पोरांनी दोन तास कुठेतरी नीट बसून अभ्यास करावा. आठवड्यातून दोन संध्याकाळी सहा ते आठ अभ्यासिका चालवायला तुमच्याकडे अठराच्या पुढची किती मुलं आहेत? सहा असली तरी तिघा-तिघांच्या पाळीने जमतं. एकाला तरी तेलुगू यायला हवं. सुरू केलं तर वर्षभर बंद पाडू नका. चार महिन्यांत गुंडाळलेल्या वर्गाने मंडळीचं नाव जितकं खराब होतं, तितकं काहीच न केल्याने होत नाही.

नियम आधीच लिहून ठेवा. पाटीवर मंडळीचं नाव उघड असावं. वही, खाऊ, औषध कुठल्याही सभेला येण्याच्या अटीवर नको. दुसऱ्या धर्माच्या घरातल्या मुलाला पालकांच्या लेखी परवानगीशिवाय उपासनेला किंवा शिबिराला आणायचं नाही. कुणी प्रार्थना मागितली तर करा, न मागता डोक्यावर हात ठेवू नका. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. आषाढात दिंड्या पंढरपूरला जाताना पाणी वाटायचं मनात असेल तर पाणीच वाटा, पेल्याखाली पत्रक नको. कुणी विचारलं "तुम्ही कोण?" तर सांगा. तेवढी सुवार्ता पुरते.

पैशाचं. अमेरिकेतल्या चर्चकडून पैसे घेऊ नका, निदान असे सरळ तरी नाही. २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर संस्थेला परदेशी देणगी घेता येत नाही आणि ती तुमच्या वैयक्तिक खात्यावर मागवणं तर त्याहून वाईट. नातेवाईक अजून भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या कमाईतून देणार असतील तर गोष्ट वेगळी, तरी आधी सीएला विचारा. त्यापेक्षा मिझोराममधल्या प्रेसबिटेरियन घरांकडे बघा. तिथे बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि तो मंडळीला देतात. त्याला बुहफाई थाम म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या मुठींवर त्यांचं मिशनकार्य चालत आलंय. आपल्याकडे ज्वारी. मूठ ५० ग्रॅमची, दिवसातून दोनदा, महिन्याला एका घरातून तीन किलो. चाळीस घरं आली तर १२० किलो. शिबिराची भाकरी त्यातून निघते, उरलेली विकून अभ्यासिकेच्या वह्या येतात. फक्त दर महिन्याला गोळा करा. सहा महिने डब्यात ठेवली तर सोंडे पडतील आणि महिला मंडळ परत देणार नाही.

राजीनामा आत्ता नको. सध्या सगळं तुमच्या एकटीच्या खांद्यावर आहे आणि थकवा पत्रभर दिसतो. ते वाटून टाका. हिशेब एकाकडे, स्वयंपाक महिला मंडळाकडे, औषधं-संमतीपत्रं तिसऱ्याकडे, तुमच्याकडे फक्त गट आणि लीडर. हिशेब पावत्यांसह पंधरा दिवसांत सेशनपुढे ठेवायचा, हेही ठरावातच लिहा.

सेशनपुढे जाताना एकच पान न्या: तारीख, जागा, मुलांची संख्या, खर्च, सुरक्षेचे नियम आणि बारा रविवारांचं वेळापत्रक. तोंडी भाषण पाच मिनिटांचं. पानाच्या प्रती सगळ्या वडिलांना एकाच दिवशी द्या. काकांना आदल्या रात्री घरी दाखवू नका. ते ताटावर "बघू" म्हणतील आणि तो "बघू" सेशनमध्ये "नको" होऊन येईल.